विकताना ‘या, बसा’. अडचणीत ‘कोण आपण?’

आपल्याकडे बैल विकत घेताना काय काय बघतात ते तुम्हाला सांगायला नको. दात बघतो, खूर बघतो, चार पावले चालवून बघतो, जमलं तर औताला जुंपूनही बघतो. बैलाचा मालक कोणत्या गावचा, घर कुठले, हेही विचारून ठेवतो. उद्या बैल बसका निघाला तर कुणाच्या दारात जायचे ते ठाऊक असावे लागते. पण तोच शेतकरी, तोच सोसायटीचा सचिव, तोच दूध केंद्राचा चालक संगणकाचा कार्यक्रम, म्हणजे सॉफ्टवेअर घ्यायला निघाला की रंगीत पत्रक बघतो, विकणाऱ्या पोराची गोड भाषा ऐकतो आणि पैसे मोजून मोकळा होतो. मीही त्यातलाच. म्हणून आज दुसऱ्याला शहाणपण शिकवण्याआधी माझीच फजिती सांगतो.

माझे गावात दूध संकलन केंद्र आहे. मी आणि माझा मुलगा मिळून चालवतो. घरचा प्रपंच त्याच्यावर. बासष्ट उत्पादक दूध घालतात. सकाळ-संध्याकाळ वजन, फॅट, एसएनएफ, दर, चिठ्ठी आणि दर दहा दिवसांनी बिल, असा आमचा रहाटगाडा. पूर्वी हे सगळे वहीत होते. डोळे फुटायचे, चुका व्हायच्या. डिसेंबर २०२२ मध्ये एका कृषी प्रदर्शनात गेलो. तिथे एका कंपनीच्या स्टॉलवर काटा, फॅट मशीन आणि संगणक एकमेकांना जोडून ठेवले होते. दूध ओतले की आकडा आपोआप संगणकात, चिठ्ठी आपोआप बाहेर. बघून डोळे दिपले.

पत्रकावर मोठ्या अक्षरांत तीन गोष्टी होत्या. ‘एकदा घ्या, आयुष्यभर वापरा.’ ‘चोवीस तास मराठीतून मदत.’ ‘इंटरनेट नसले तरी काम चालू.’ किंमत अठरा हजार. स्टॉलवरच्या पोराने चहा पाजला, ‘तात्या, तुम्ही फक्त फोन करा, माणूस हजर’ असे छातीवर हात ठेवून सांगितले. मी तिथेच पैसे भरले. पत्रक मात्र घरी आणून दुधाच्या वहीत ठेवले. तेवढे एक शहाणपण नकळत झाले, ते पुढे उपयोगाला आले.

आयुष्य म्हणजे बारा महिने

पहिले वर्ष चांगले गेले, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. चिठ्ठ्यांवरून होणारी भांडणे थांबली. बिल काढायला रात्र लागायची, ते तासाभरात निघू लागले. मी चार गावांत जाऊन त्या कंपनीचे गुणगान केले. फुकटातली जाहिरात!

डिसेंबर २०२३ च्या दहा तारखेला, नेमके बिलाच्या दिवशी, सकाळी संगणक लावला तर पडद्यावर लाल चौकट. ‘आपली मुदत संपली आहे. नूतनीकरण करा.’ दूध घेऊन बाया-बापे रांगेत उभे, आणि कार्यक्रम उघडेना. कंपनीला फोन लावला. पलीकडून ध्वनिफीत बोलू लागली. नवीन खरेदीसाठी एक दाबा, मदतीसाठी दोन दाबा. दोन दाबले. गाणे सुरू झाले. वीस मिनिटे गाणे ऐकले. मुलगा म्हणाला, ‘दादा, एक दाबून बघा.’ एक दाबले, तर दुसऱ्या घंटीला ‘नमस्कार सर, बोला!’ मंडळी, या दोन आकड्यांत सगळी कंपनी कळली. विकायला माणूस आहे, निस्तरायला गाणे आहे.

‘आयुष्यभर’चे काय झाले, असे त्याला विचारले. तो म्हणाला, ‘सर, आयुष्यभर म्हणजे त्या आवृत्तीचे आयुष्य. ती आवृत्ती आता बंद झाली. वर्षाला सहा हजार देखभाल शुल्क लागेल.’ पत्रक काढून भिंगाने बघितले. तळाशी मुंगीएवढ्या इंग्रजी अक्षरांत ‘अटी लागू’ अशा अर्थाचे काहीतरी होते. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. दारात रांग उभी होती. अडला हरी, दुसरे काय! सहा हजार भरले.

दीड रुपया कुठं गेला?

पैशाचे एक वेळ सोडा. पैसा माझा गेला. पुढे जे घडले त्यात माझी पत जायची वेळ आली.

मार्च २०२४ मध्ये आमच्या डेअरीने अकरा तारखेपासून दर लिटरमागे दीड रुपया वाढवला. नवे दरपत्रक आम्ही संगणकात भरले. त्याच आठवड्यात कंपनीने आपणहून काही ‘सुधारणा’ पाठवली होती. वीस तारखेला बिले वाटली. दुसऱ्या दिवशी सकाळी गावातली एक म्हातारी नातीची शाळेची वही घेऊन केंद्रावर आली. म्हणाली, ‘तात्या, सकाळच्या दुधाला वाढीव भाव दिसतोय, मग संध्याकाळच्या दुधाचा दीड रुपया कुठं गेला रं?’ नातीने रोजच्या चिठ्ठ्या वहीत उतरून ठेवल्या होत्या. तपासले तर म्हातारी खरी. सकाळचे दूध नव्या दराने, संध्याकाळचे जुन्याच दराने. संध्याकाळी आमच्याकडे सरासरी तीनशे लिटर दूध येते. दहा दिवसांचे तीन हजार लिटर, म्हणजे साडेचार हजार रुपये लोकांना कमी गेले होते.

आता विचार करा. गावात कोण म्हणणार की संगणक चुकला? गाव म्हणणार, तात्याने मारले. मी त्याच दिवशी पदरचे साडेचार हजार काढून घरोघर वाटले. मग कंपनीला फोन. या वेळी एक पोरगा मिळाला. त्याने मुलाकडून कसला तरी आकडा मागून घेतला आणि कुठल्या तरी शहरात बसून आमचा संगणक ताब्यात घेतला. पडद्यावरचा बाण आपोआप फिरायला लागला. उंटावरून शेळ्या हाकणे म्हणतात ते असे. अर्ध्या तासाने तो म्हणाला, ‘तुमच्याच संगणकात दोष आहे सर, आमच्या बाजूने सगळे बरोबर आहे.’ आणि फोन ठेवला. दोन दिवसांनी संध्याकाळचा दर मात्र आपोआप बरोबर येऊ लागला. दोष आमचा होता, तर दुरुस्त कुणी केला?

इथे एक गोष्ट ध्यानात घ्या. आमच्या वजनकाट्यावर वैधमापनशास्त्र खात्याचा शिक्का असतो. काट्यात दहा ग्रॅमचा खोट निघाला तर मी गुन्हेगार. पण त्याच वजनाला दराने गुणून जो कार्यक्रम पैसे काढतो, त्याचा गुणाकार तपासायला आमच्या केंद्रावर आजवर कोणी आलेले नाही. काट्याला शिक्का आणि हिशेबाला विश्वास. हा विश्वास कुणाच्या भरवशावर ठेवायचा?

आकडे आमचे, कुलूप त्यांचे

तिसरा प्रसंग सगळ्यांत कडू. राज्य शासनाने जानेवारी २०२४ मध्ये गायीच्या दुधाला लिटरमागे पाच रुपये अनुदान दिले, ते तुम्हाला आठवत असेल. जुलै २०२४ पासून ते पुन्हा सुरू झाले. अनुदान थेट उत्पादकाच्या बँक खात्यात. त्यासाठी जनावराच्या कानातल्या बिल्ल्याचा क्रमांक, बँक खाते आणि दुधाची आकडेवारी ऑनलाइन भरायची होती. जानेवारीत मुलाने रात्री जागून ती हाताने तयार केली. जुलैत म्हटले, दीड वर्षाचे दूध संगणकात आहे, तेथूनच काढू.

‘निर्यात’ असे बटण होते. दाबले. तर पडद्यावर आले, ‘ही सुविधा आपल्या योजनेत नाही. वरची योजना घ्या.’ वरच्या योजनेचे नऊ हजार.

बंधूंनो, म्हैस आमची, गाय आमची, धार आमच्या बायकांनी काढली, आकडे आमच्या मुलाने भरले, आणि ते आकडे आमच्याच हातात यायला नऊ हजार! माझ्या धान्याच्या कणगीला दुसऱ्याने कुलूप लावावे आणि मला किल्ली भाड्याने द्यावी, तसला हा प्रकार. जाहिरातीत काटा होता, चिठ्ठी होती, हसरा शेतकरी होता. कुलूप कुठेच नव्हते.

या वेळी पैसे भरले नाहीत. मुलाने आणि त्या म्हातारीच्या नातीने मिळून चिठ्ठ्यांच्या बुडख्यांवरून यादी तयार केली. आम्ही कागद फेकले नव्हते म्हणून वाचलो. पण त्यात आठ-नऊ दिवस गेले, आणि तेवढे दिवस रोज लोक विचारत होते, ‘तात्या, आमचं नाव गेलं का?’

मग काय केले?

ऑगस्ट २०२४ मध्ये मी कंपनीच्या नोंदणीकृत पत्त्यावर मराठीत साधे पत्र लिहिले. कधी घेतले, किती पैसे दिले, जाहिरातीत काय होते, प्रत्यक्षात काय झाले, तारीखवार. सोबत पत्रकाची आणि पावतीची झेरॉक्स. रजिस्टर पोस्टाने पाठवले. २०२५ मध्ये टपाल खात्याने रजिस्टर सेवा स्पीड पोस्टात विलीन केली आहे, तेव्हा आता कुणाला पाठवायचे असेल तर स्पीड पोस्टाने पाठवा आणि पोच जपून ठेवा. पत्रानंतर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करून तक्रार नोंदवली. तिथे मराठीत बोलता येते, पैसे लागत नाहीत.

चौथ्या दिवशी गंमत झाली. ज्या कंपनीने मला गाणी ऐकवली, तिचा फोन आपणहून आला. दुधाची सगळी आकडेवारी साध्या तक्त्यात काढून दिली. देखभालीचे सहा हजार परत केले. साडेचार हजारांचे मात्र ‘बघतो’ म्हणाले, ते अजून बघताहेत.

हेल्पलाइन म्हणजे न्यायालय नव्हे, हे नीट समजून घ्या. ती तुमचे म्हणणे कंपनीपुढे ठेवते, तडजोड घडवते, पण हुकूम देऊ शकत नाही. हुकूम देतो तो जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा जुलै २०२० पासून लागू झाला. त्याने दोन सोयी केल्या आहेत, त्या आपल्यासारख्यांच्या फार कामाच्या. एक म्हणजे कंपनी मुंबईची असो की बंगळुरूची, तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते. दुसरी, मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगात फी लागत नाही. वकील लावलाच पाहिजे असे नाही. ‘ई-जागृती’वर घरबसल्याही तक्रार दाखल होते. मुदत मात्र दोन वर्षांची. ‘सुगी झाल्यावर बघू’ म्हणाल तर दोन सुग्या कधी गेल्या कळायचे नाही.

फसव्या जाहिरातीसाठी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण आहे. पहिल्या वेळी दहा लाखांपर्यंत आणि पुन्हा केल्यास पन्नास लाखांपर्यंत दंड करायचा अधिकार त्याला आहे. जून २०२२ च्या नियमांप्रमाणे जाहिरातीतला दावा ज्या भाषेत, तळटीपही त्याच भाषेत हवी, आणि तिने मूळ दावा फिरवता कामा नये. म्हणजे वर मराठीत ‘आयुष्यभर’ आणि खाली इंग्रजीत ‘बारा महिने’ हे चालत नाही. ३० नोव्हेंबर २०२३ ला आणखी मार्गदर्शक सूचना आल्या. त्यांत ग्राहकाला गुंगवण्याचे तेरा प्रकार नावानिशी दिले आहेत. आधी कमी किंमत सांगून मागाहून आकार वाढवत नेणे, वर्गणीत अडकवून बाहेर पडणे अवघड करणे, हे दोन्ही त्यांत आहेत.

एक खाचखळगा

आता कायद्यातली एक अडचणही सांगतो, नाहीतर उद्या तुम्ही माझ्याच नावाने बोटे मोडाल. ‘व्यापारी हेतूने’ घेतलेल्या वस्तूचा खरेदीदार हा या कायद्यात ग्राहक धरला जात नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका कंपनीच्या प्रकरणात असाच निकाल दिला. नफ्याशी जोडलेले व्यवसायाचे काम आपोआप व्हावे म्हणून सॉफ्टवेअर घेणारी ती कंपनी ग्राहक ठरली नाही. मात्र स्वतः राबून पोट भरण्यासाठी, स्वयंरोजगारासाठी घेतलेली वस्तू कायद्याने व्यापारी हेतूतून वगळली आहे. तेव्हा बाप-लेक मिळून केंद्र चालवणाऱ्याची गोष्ट वेगळी आणि मोठ्या संघाची वेगळी. सोसायट्यांनी, पतसंस्थांनी, दूध संघांनी हे ओळखून खरेदीच्या वेळीच करार पक्का करावा. त्यांना मागाहून ग्राहक आयोगाचे दार उघडे मिळेलच असे नाही.

हे मुद्दाम लिहितो, कारण गावचा कारभार झपाट्याने संगणकावर चालला आहे. २९ जून २०२२ ला केंद्र सरकारने ६३ हजार प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या संगणकीकरणाला, त्यासाठी २,५१६ कोटी रुपयांच्या खर्चाला मंजुरी दिली. आपल्या विकास सोसायट्या त्यातच येतात. चांगलेच आहे. पण सभासदाच्या पीककर्जाचा आकडा चुकला आणि सचिव म्हणाला ‘संगणकात असंच दिसतंय’, तर त्या सभासदाने कुणाच्या तोंडाकडे बघायचे? संगणकात दिसते म्हणून ते खरे, ही नवी अंधश्रद्धा गावात येऊ देऊ नका.

घेण्याआधी पाच प्रश्न

अनुभवाने जे सुचले ते सांगतो. कोणताही कार्यक्रम घेण्याआधी विकणाऱ्याला पाच प्रश्न विचारा आणि उत्तरे कागदावर, शिक्क्यासह घ्या.

एक, पहिल्या वर्षानंतर दरसाल किती पैसे, आणि ते नाही भरले तर कार्यक्रम बंद पडतो की चालू राहतो?

दोन, आमची सगळी माहिती आम्हाला साध्या तक्त्यात, केव्हाही, फुकट काढता येईल का? तिथेच काढून दाखवा म्हणावे.

तीन, बिघाड झाला तर किती तासांत माणूस बोलेल, कोणत्या भाषेत, आणि जिल्ह्यात येणारा माणूस कोण? पैसे देण्याआधी मदतीचा नंबर आपल्या फोनवरून, समक्ष, लावून बघा. एक नव्हे, दोन दाबून!

चार, हिशेबात चूक झाली आणि लोकांना पैसे कमी गेले, तर भरपाई कोण देणार?

पाच, जाहिरातीतली प्रत्येक गोष्ट बिलावर लिहून देता का? जो ‘देतो’ म्हणेल त्याच्याशी बोला. जो हसून विषय बदलेल त्याला रामराम करा.

आणि एक इशारा. कंपनी फोन उचलत नाही म्हणून इंटरनेटवर सापडेल त्या ‘मदत क्रमांका’ला फोन करू नका. तिथे भामटे टपलेले असतात. संगणकाचा ताबा मागतात आणि बँक खाते धुऊन नेतात. नंबर बिलावरचाच वापरा. फसलातच तर क्षणाचा विलंब न लावता १९३० वर कळवा.

सरपंच, सचिव आणि आता ग्रामपंचायत अधिकारी झालेले आपले ग्रामसेवक भाऊसाहेब, यांनाही एक विनंती. ग्रामपंचायतीसाठी, शाळेसाठी, पाणीपुरवठ्यासाठी असले काही घ्याल तेव्हा हे पाच प्रश्न आणि त्यांची उत्तरे ग्रामसभेत वाचून दाखवा. कृषी प्रदर्शने भरवणाऱ्यांनी स्टॉल देताना कंपनीचा खरा पत्ता आणि जबाबदार माणसाचे नाव स्टॉलवर लावायला सांगावे. मांडवाचे भाडे घेतले की जबाबदारी संपली, असे होऊ नये. आणि शासनाने दुधाच्या काट्याबरोबर दुधाच्या हिशेबालाही शिक्का लावायचा विचार करावा.

मी आयोगाच्या पायरीवर गेलो नाही, हे कबूल करतो. दोन वेळचे दूध सोडून तारखांना कोण जाणार, असा विचार केला. पण तुम्ही-मी सगळे असाच विचार करतो, हीच या कंपन्यांची खरी कमाई आहे. अठरा हजारांपेक्षा ती मोठी.

माझ्या केंद्रावर संगणक आजही आहे. त्याच्याशी माझे वैर नाही. पण त्याच्या शेजारी वहीही आहे, आणि दर दहाव्या दिवशी म्हातारीची नात दोन्ही ताडून बघते. तिची वही चुकत नाही, तोवर मला झोप लागते.